हललेले फोटो

पद्मजा : नाही. खोटं नाव मी देणार नाही. चहा घे, खारी घे, पण ते सोडून काय हवं ते माग.

मोनाली : खोटं कशाला मॅडम, कुठलंही द्या. तुम्हाला माश्यांची ढीगभर नावं पाठ असतील. त्यातलं एक आमच्या बाबांच्या फोटोखाली लिहा. एकच. त्यांना कुठे कळणार आहे?

पद्मजा : मला कळेल ना.

मोनाली : एवढीशी माशी. तांदळाच्या कणीएवढी पण नाही. तिचं नाव चुकलं तर कोणाचं काय बिघडतं?

पद्मजा : माशीचं काही बिघडत नाही. पण ग्रुपवरचं नाव उद्या दुसरा कोणीतरी उचलतो, तिसरा आपल्या लेखात घालतो, आणि मग जी माशी एखाद्या गावात कधी फिरकलीच नाही, ती तिथे आहे म्हणून सगळीकडे बोंब होते. कॉलेजात शिकवत होते तेव्हा पोरांना हेच सांगायचे. येत नसेल तर 'माहीत नाही' लिहा, अर्धे मार्क देईन. ठोकून दिलंत तर शून्य. बरं, तू घाईघाईत आत आलीस आणि एकदम हेच मागितलंस. नाव काय तुझं? आणि बाबा कोण?

मोनाली : मी मोनाली. इथे स्टँडजवळ दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. लंच टाइममध्ये आलेय, डॉक्टरांना सांगून. बाबा म्हणजे दयाराम. तुमच्या त्या माश्यांच्या 'दोनपंखी' ग्रुपवर आहेत. 'दयाराम जासई' नावानं. जासई आमचं गाव.

पद्मजा : अरे देवा. काळा ठिपका!

मोनाली : काय?

पद्मजा : राग मानू नकोस. रोज सकाळी एक काळा ठिपका येतो त्यांच्याकडून. मागे सगळं धुरकट, मध्ये ठिपका. खाली लिहिलेलं असतं, ठिकाण खाडी. आमच्या ग्रुपचा नियमच आहे, फोटोखाली ठिकाण लिहायचं. पण ठिपक्याला मी काय म्हणून ओळखू? त्याला पाय आहेत की नाहीत तेसुद्धा दिसत नाही.

मोनाली : आणि तुम्ही खाली काय लिहिता ते आठवतंय? 'फोटो हललेला आहे. नाव देता येत नाही. हात स्थिर ठेवा.' रोज तेच. एक अक्षर बदलत नाही. कॉपी-पेस्ट करता ना?

पद्मजा : करते. खोटं कशाला बोलू. बहुतेकांचे फोटो हललेलेच असतात गं. एक बाई तर माशीचा समोरून चेहरा काढून पाठवते, आधार कार्डावर लावायचा असल्यासारखा. सगळ्यांना वेगवेगळं कुठे लिहीत बसू?

मोनाली : बाबांना लकवा मारून गेलाय मॅडम. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी. उजवी बाजू.

पद्मजा : उजवी? म्हणजे हातसुद्धा?

मोनाली : पाय आला. काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. बोलणं पण आलं. हात नाही आला. फिजिओवाली बोलली, हाताला बारीक काम द्या, आवडीचं. आता आमच्या बाबांच्या आवडीचं काम म्हणजे जाळं. खाडीत पाग टाकायचे ते, जन्मभर. बोटात ताकद नाही, तो पाग कसा टाकणार? मग मी माझा जुना मोबाइल दिला. मीच बोलले, उजव्या हातात धरायचा, उजव्याच अंगठ्यानं दाबायचं, डावा लावायचा नाही. कसले पण फोटो काढा. घरात बसल्याबसल्या काय दिसणार? समोर माश्या. तर माश्यांचे काढायला लागले. माझी एक मैत्रीण तुमची स्टुडंट होती, तिनं ग्रुपमध्ये घातलं.

पद्मजा : आणि मी त्यांना रोज लिहीत होते, हात स्थिर ठेवा.

मोनाली : हो.

पद्मजा : मला लाज वाटतेय. खरंच सांगते.

मोनाली : लाजेचं जाऊ द्या. आधी त्यांना मजा यायची. 'बाई कडक हाय, पन रोज बगते,' असं बोलायचे. दुसऱ्यांच्या फोटोंना नावं मिळालेली मोठ्यानं वाचून दाखवायचे आईला. आईला कंटाळा यायचा, तरी ऐकायची. मग हळूहळू वाचायचे बंद झाले. परवा मी ड्युटीवरून घरी गेले तर मोबाइल माझ्या मांडीवर टाकला. 'घे तुजा मोबाइल. हात काय यायचा नाय आता.' काल जेवताना उजवा हात मांडीखाली दाबून डाव्यानं जेवले. फिजिओवालीनं सरळ सांगितलंय, आत्ता वापर सोडला तर जिथे आहे तिथेच राहील. म्हणून आले मी. एक नाव मिळालं ना मॅडम, तर ते परत हातात घेतील मोबाइल. मी त्यांना ओळखते.

पद्मजा : म्हणून मी ठोकून द्यायचं.

मोनाली : हो! त्यात काय पाप आहे?

पद्मजा : पाप वगैरे मला कळत नाही. पण ज्या माणसानं लुळ्या अंगठ्यानं इतके महिने फोटो काढले, त्याला मी फसवणूक पाठवू? मघाशी एक वेळ कंटाळून दिलंही असतं एखादं नाव. आता तर मुळीच नाही.

मोनाली : म्हणजे नाहीच.

पद्मजा : बस खाली. पर्स कुठे उचलतेस? मोबाइल आहे का तो तुझ्याजवळ?

मोनाली : आहे. पर्समध्येच पडलाय.

पद्मजा : मग आधी का नाही सांगितलंस? आण इकडे. ग्रुपवर पाठवला की फोटो आटतो. बारीक सगळं निघून जातं. मी घसा फोडून सांगते, मूळ फोटो पाठवा, मूळ फोटो पाठवा. कोणी ऐकेल तर शपथ. ती वायर दे. लॅपटॉपच्या शेजारी आहे बघ, वर्तमानपत्राखाली. हां. आता मोठ्या पडद्यावर बघू. शेवटचा कुठला?

मोनाली : हा. रविवारचा असेल.

पद्मजा : मोठा करू दे. अजून थोडा. ही माशी फराटल्यासारखी दिसते. डोकं कुठे, शेपूट कुठे, पत्ता नाही. आणि हे खाली पडलंय ते काय? गुलाबी गुलाबी?

मोनाली : जवळा.

पद्मजा : खाडीच्या चिखलात सुका जवळा?

मोनाली : नाही मॅडम, तो ओला करून ठेवलाय. बाबांची आयडिया. 'आमिष लावल्याबिगर कोन येतो?' बोलतात. चिमूटभर जवळा भिजवून ताटलीत ठेवतात आणि शेजारी बसून राहतात. आई वैतागते, घरभर वास.

पद्मजा : घरभर?

मोनाली : हो. न्हाणीच्या बाहेर स्टूल आहे, त्याच्यावर ताटली.

पद्मजा : मोनाली, फोटोखाली दर वेळी 'खाडी' लिहिलेलं आहे.

मोनाली : खाडी? मघाशी बोललात तेव्हा रागात लक्षच गेलं नाही माझं. खाडीवर कुठून जातील? आमच्या दारातून रस्त्यापर्यंत पण जात नाहीत. सगळीकडे कंटेनरच्या गाड्या, काठी टेकवायला जागा नाही. त्यांनी असं लिहिलंय?

पद्मजा : तू ग्रुप वाचतेस ना?

मोनाली : मी तुमचंच वाचत होते. त्यांचं नाही वाचलं कधी.

पद्मजा : बघ म्हणजे. आणि मी इकडे चिखलावरच्या माश्यांत डोकं घालून बसलेय. ओहोटीला ओल्या मातीवर बसतात ना, त्या. एकही जुळत नव्हती. घरातली माशी खाडीत शोधली तर सापडेल कशी? आणि हे काय आहे ताटलीच्या कडेला? ठिपके ठिपके. थांब, अक्षरं आहेत. 'कु… कुमुद…'

मोनाली : 'कुमुदआत्याकडून.' माझ्या बारशाची ताटली आहे ती. आत्यानं नाव घालून दिलेली. आता घासून घासून पुसट झालीय, नीट वाचता पण येत नाही.

पद्मजा : इथे वाचता येतंय.

मोनाली : हो. आँ? हो की.

पद्मजा : आधीचा दाखव. त्याच्याही आधीचा. अजून मागे जा, दिवाळीच्या सुमाराचा एखादा.

मोनाली : हा घ्या. ह्याच्यात तर ताटली आहे हेच कळत नाही. काय झालं मॅडम? चष्मा का काढलात?

पद्मजा : काही नाही. एक गोष्ट विचित्र वाटतेय. पण बोलायच्या आधी मला त्यांना एक विचारायचंय. फोन लागेल घरी?

मोनाली : आई मासळी विकायला गेली की तिचा फोन त्यांच्याजवळ ठेवून जाते. पण मी इथे आलेय हे त्यांना माहीत नाही. चिडतील.

पद्मजा : चिडू देत. मी कॉलेजात तीस वर्षं काढलीत. लाव.

(मोनाली फोन लावून स्पीकरवर ठेवते.)

दयाराम : बोल गो. जेवलीस का?

मोनाली : जेवले. बाबा, आयका ना. मी पद्मजा मॅडमच्या घरी हाय. ग्रुपवाल्या.

दयाराम : कोनी सांगितलं तुला तिथं जायाला? दुपारचा लोकांच्या दारात जातात काय? ठेव फोन.

पद्मजा : ठेवू नका, दयारामभाऊ. मी पद्मजा बोलतेय. मला तुमच्याकडून एक माहिती हवी आहे.

दयाराम : माज्याकडून? बाई, मी काय माहिती देनार? उगाच तुमचा टायम गेला माज्या पाई. आता नाय पाठवनार मी. सुटलात तुमी.

पद्मजा : मी काही सुटायला बसलेले नाही. तुमचे फोटो उघडून बसलेय. मला सांगा, हे कुठे काढलेत?

दयाराम : लिवलंय ना खाली. खाडीवर.

पद्मजा : असं होय. मग खाडीवर या कुमुदआत्या कोण?

दयाराम : आँ? कुमुद?

पद्मजा : ताटलीवर नाव आहे, दयारामभाऊ.

दयाराम : मोनाली, तू सांगितलंस?

मोनाली : नाय ओ बाबा. फोटोत दिसतंय. सगला वाचता येतंय.

दयाराम : तसं नाय बाई. तिथं एकेक जन काय काय लिवतो. अमक्या डोंगरावर, तमक्या धबधब्याखाली. मी काय लिवू, न्हानीच्या दारात? पंचेचालीस वर्सं खाडीत काढली मी. गुडघाभर चिखलात. आता गाव बोलतंय, दयाराम घरात बसून माश्या मारतो. तुमच्या लोकांनी तरी नको बोलाया, म्हनून लिवलं.

पद्मजा : मारली का एक तरी?

दयाराम : एक नाय मारली. शपत. मारली तर फोटो कोनाचा काढू?

पद्मजा : मग गावाला बोलू द्या. आता मला नीट आठवून सांगा. ही जी बारकी काळी आहे, जवळ्यावर येते, ती कशी उडते?

दयाराम : ती? ती उडतच नाय.

पद्मजा : उडत नाही?

दयाराम : पंख हायत तिला, पन उडायाचा आलस. ती धावते. अशी सर्‌कन धावते, मंग थबकते, मंग भलतीकडंच धावते. बोट पुढं नेलं तरी उडून जात नाय, ताटलीच्या कडंनं पलत सुटते. निवटी मासळी बगितलीय का तुमी? चिखलावर निवटी पलते ना, तशी. निवटी पकडायाला जावा, ती जिथं दिसते तिथं नसतेच. हिचा तसाच हाय. मी अंगठा दाबतो तवर ही गेलेली.

पद्मजा : आणि पाठ कशी आहे? सरळ?

दयाराम : पाठ वाकडी. वर उचललेली, आनि डोका खाली घातलेला. बाजूनं बगितला तर कुबड आल्यासारखी. मना वाटलं माज्या डोल्यानाच तसा दिसतंय, म्हनून बोललो नाय.

पद्मजा : मिळाली.

मोनाली : काय मिळाली?

पद्मजा : अगं, मिळाली! थांबा, एक फोटो होता मघाशी, तिनं जरा दम घेतलेला. तो आण मोनाली, डावीकडचा. हा. हे बघ कुबड. आणि पंखाच्या फक्त पुढच्या कडेला जाड शिरा, बाकी पंख कोरा. आता माझ्या मनात शंका नाही. दयारामभाऊ, मी हिला कुबडी माशी म्हणते. शास्त्रात या घराण्याला फोरिडी म्हणतात. न्हाणीघर, मोरी, खरकटं, ओला जवळा, अशाच ठिकाणी राहते. आणि उडायचं सोडून पळते म्हणून तर इंग्रजीतही तिला पळण्यावरूनच नाव पडलंय.

दयाराम : म्हंजे नाव हाय तिला?

पद्मजा : आहे. पण मी पुरतं नाव देत नाही हं. तुमच्या मुलीनं मागितलं तरी देणार नाही. हे घराणं झालं. त्यात पुष्कळ जाती असतात, कोणती ते फोटोवरून नाही कळायचं. तिला भिंगाखाली ठेवून बघावं लागतं.

दयाराम : म्हंजे आडनाव कललं.

पद्मजा : हो, आडनाव.

दयाराम : लय झालं. आमच्या गावात तरी दुसरा काय लागतो वलकायला? फो…

मोनाली : फोरिडी, बाबा.

दयाराम : फोरिडी. बरा हाय नाव. पन बाई, फोटो तर हललेलाच हाय ना. तुमी लिवता ते काय खोटं नाय. मी बगतो ना, सगल्यांचे फोटो कसे लख असतात. माजाच हात थरथरतो. अजून थरथरतो. मंग अशा फोटोवर नाव लिवलं तर बाकीचे बोलतील, बाईनी दया केली.

पद्मजा : तेच तर मला मघापासून सांगायचंय. आधी मला एक सांगा. रविवारचा फोटो कुठल्या हातानं काढलात?

दयाराम : उजव्या.

पद्मजा : नक्की? डावा लावला नव्हता?

दयाराम : डावा लावायचा नाय अशी पोरीची ताकीद हाय. मी कशाला खोटं बोलू? खाडीचं बोललो तेवढंच.

पद्मजा : मग ऐका. दिवाळीचा फोटो माझ्यासमोर आहे. त्यात माशी हललेली, जवळा हललेला, ताटली हललेली, सगळंच वाहून गेलंय. तो हात थरथरला, खरं आहे. आता रविवारचा. त्यात जवळ्याची एकेक मिशी दिसते. ताटलीवरची पुसट झालेली अक्षरं, जी तुमच्या मुलीला घरात वाचता येत नाहीत, ती मी इथे बसून वाचली. हात हलला असता तर अक्षरं हलली असती ना? ताटली हलली असती. सगळं जागच्या जागी आहे. फक्त माशी हललीय.

दयाराम : काय?

पद्मजा : मी इतके दिवस आटलेला फोटो बघून तुमच्या हाताला नावं ठेवली. चूक माझी. ती पळत होती, दयारामभाऊ. तुमचा हात नाही हलला.

दयाराम : परत सांगा बाई.

पद्मजा : हात नाही हलला. माशी पळाली.

मोनाली : बाबा? … बाबा, फोनवर हाव ना?

दयाराम : हाय. हाय मी.

मोनाली : रडता काय?

दयाराम : नाय गो. हात बगतोय.

पद्मजा : तुम्ही बघा हवं तितका वेळ. मी तोवर तुमच्या फोटोखाली लिहून टाकते. मूळ फोटोच टाकते, म्हणजे कोणी दया-बिया म्हणायचं नाही, ज्याला शंका असेल त्यानं स्वतः अक्षरं वाचावीत. मागचं 'हात स्थिर ठेवा' सगळं काढून टाकते. कुबडी माशी, घराणं फोरिडी. फोटो, दयाराम. ठिकाण मात्र मला खरं लागतं हं. काय लिहू?

दयाराम : घर लिवा.

पद्मजा : नुसतं घर?

दयाराम : घर, जासई. न्हानीच्या दारात. लिवा बिनधास. खाडीचा खाडीवर गेल्यावर बगू. तिथं पन असतील ना बाई, बारक्या?

पद्मजा : तिथे तर इतक्या आहेत की मला त्यांतल्या निम्म्यांची आडनावंसुद्धा माहीत नाहीत.

दयाराम : मंग ठेवा जागा त्यांच्या फोटोंना. मोनाली…

मोनाली : बोला.

दयाराम : कवा सुटतेस आज?

मोनाली : नेहमीसारखीच, सात वाजता. का ओ?

दयाराम : काय नाय. येताना माजा मोबाइल घेऊन ये.